हसण्याचाही वीट येतो

गेल्या महिन्याच्या टपालात एका भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपासून तिला इंग्रजी कादंबऱ्यांचे वेड, आणि त्यातही एकाच जातीच्या. आजच्या शहरात राहणारा जादूगार, भुताचा जबाब घेणारा पोलीस, माणसाला टोमणे मारणारा जिन्न, आणि पानोपानी विनोद. आईने सुरुवातीला खूप कटकट केली, की हे जादूटोण्याचे काय वाचत बसतेस. आता सहा महिने झाले, मुलीने ती पुस्तके बाजूला ठेवली. आई लिहितात, सुटली म्हणून अल्लाहचे शुक्र मानावे तर पोरीने वाचणेच सोडले आहे. मोबाइलमध्ये अकरा पुस्तके अर्धवट पडून आहेत. विचारले तर म्हणते, "अम्मी, मला आता पुस्तकांचाच कंटाळा आलाय."

मला वाटते, तिला पुस्तकांचा कंटाळा आलेला नाही. तिला एका आवाजाचा कंटाळा आला आहे. वर्षानुवर्षे वेगवेगळ्या मुखपृष्ठांआडून तोच एक आवाज तिच्या कानाशी बोलत राहिला, आणि पुस्तक म्हणजे हाच आवाज असे तिच्या मनाने धरले. हा फरक तिला कुणी दाखवला नाही तर वाचणारी एक मुलगी हातची जाईल. आपल्या घरांत वाचणाऱ्या मुली इतक्या नाहीत की अशी एखादी सहज जाऊ द्यावी. म्हणून या वेळचे सदर त्या पत्राला उत्तर.

ज्या घरांत ही पुस्तके पोचलेली नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देते. इंग्रजीत या प्रकाराला अर्बन फँटसी म्हणतात. जुन्या अद्भुत कथांत राजे, किल्ले, घनदाट जंगले असत. इथे सगळे चालू काळातल्या शहरात घडते. वाहतूक कोंडी आहे, थकलेले घरभाडे आहे, साहेबांची बोलणी आहेत, आणि त्यातच गल्लीच्या टोकाला एक चेटकीण राहते. जिम बुचर या अमेरिकी लेखकाचा हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला जादूगार. टेलिफोन डिरेक्टरीत 'जादूगार' या सदराखाली त्याची रीतसर नोंद आहे. त्याची पहिली कादंबरी 'स्टॉर्म फ्रंट' २००० साली आली. बेन ॲरोनोविच यांचा पीटर ग्रांट हा लंडनच्या पोलीस खात्यातला नवखा कॉन्स्टेबल. २०११ च्या 'रिव्हर्स ऑफ लंडन'मध्ये तो खुनाच्या जागी पहाऱ्याला उभा असतो, तिथे साक्षीदार म्हणून चक्क एक भूत पुढे येते, आणि हा पठ्ठ्या त्याचीही चौकशी करू लागतो. केविन हर्न यांचा ॲटिकस हा एकवीसशे वर्षे जगलेला ड्रुइड, म्हणजे प्राचीन आयर्लंडमधला पुरोहित-जादूगार. तो आज अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पुस्तकांचे दुकान चालवतो आणि स्वतःच्या कुत्र्याशी गप्पा मारतो. तिघेही 'मी' म्हणून गोष्ट सांगतात, आणि तिघांचीही जीभ तिखट.

पहिले पुस्तक वाचताना खरोखर मजा येते, हे मान्य केलेच पाहिजे. 'रिव्हर्स ऑफ लंडन'मध्ये टेम्स नदीच्या दोन घराण्यांत हद्दीवरून तंटा आहे. वरच्या प्रवाहाचा मालक एक म्हातारा नदी-देव, आणि खालच्या प्रवाहाची मालकीण नायजेरियातून लंडनला आलेली एक बाई. तिच्या मुली म्हणजे शहरातल्या लहान नद्या. हा तंटा मिटवायला पीटरला पाठवतात, आणि तो त्याकडे शेजाऱ्यांच्या बांधाच्या भांडणासारखा पाहतो. पीटरची स्वतःची आई सिएरा लिओनची, साफसफाईची कामे करणारी. परक्या देशातून आलेली माणसे एखाद्या शहराची मालक कशी होतात, हा मोठा प्रश्न लेखकाने हसत हसत मांडला आहे. याच मालिकेत सहरा गुलीद ही सोमाली वंशाची, हिजाब घालणारी पोलीस अधिकारी पुढे पुढे महत्त्वाची होत जाते. इंग्रजी कादंबरीतल्या मुस्लिम बाईच्या वाट्याला सहसा सोसणे किंवा सुटका करून घेणे एवढेच येते. गुलीद या दोन्हीतली नाही. ती कामात चोख आहे, बोलण्यात कोरडी आहे, आणि पीटरच्या बडबडीवर तिचे एक वाक्य पुरते. आपल्या मुलींना ही पुस्तके का आवडली असतील याचे थोडे उत्तर मला तिथे मिळते.

मग वीट कशाचा येतो?

हा तिखट जिभेचा 'मी' आला कुठून ते पाहिले की बरेच उलगडते. रेमंड चँडलर यांचा फिलिप मार्लो हा खासगी गुप्तहेर १९३९ साली 'द बिग स्लीप'मधून आला. तोही पहिल्या पुरुषात बोलतो, तोही पानोपानी शेरे मारतो. पण मार्लोच्या खिशात पैसे नसतात, पोलीस त्याला धरून बडवतात, श्रीमंत लोक त्याला नोकरासारखे वागवतात, आणि खुनी सापडला तरी शेवटी कुणाचे भले झालेले दिसत नाही. त्याच्या विनोदाखाली एक कडवटपणा आहे. शिवाय चँडलर यांनी मार्लोच्या पूर्ण कादंबऱ्या लिहिल्या सात, आणि त्याही एकोणीस वर्षांत. नंतर १९९७ ते २००३ या काळात अमेरिकेत 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही दूरदर्शन मालिका गाजली. शाळकरी मुलगी रक्तपिपासू पिशाच्चांना मारते आणि मारता मारता चुरचुरीत वाक्य टाकते. मार्लोचा आवाज आणि बफीची पिशाच्चे एकत्र आली आणि हा साचा तयार झाला.

जादूगार नायकाची एक अडचण असते. प्रत्येक पुस्तकात त्याला आधीपेक्षा मोठा शत्रू हवा, आणि त्याला हरवायला आधीपेक्षा मोठी ताकद हवी. पहिल्या पुस्तकातला ड्रेस्डेन एका चेटक्याला घाबरतो, त्याचे भाडे थकलेले असते, पोलीसही त्याच्याकडे संशयाने पाहतात. अशा माणसाने मरणाच्या दारात एखादा टोमणा मारला तर आपण हसतो, कारण त्या क्षणी त्याच्याजवळ दुसरे हत्यारच नसते. पुढे त्याची उठबस परीराज्याच्या राण्यांशी आणि देवांशी होऊ लागते, त्याच्या हातात शहर उद्ध्वस्त करण्याची शक्ती येते, आणि टोमणा मात्र तसाच राहतो. शब्द तेच, पण आता ते बलवान माणसाच्या तोंडचे आहेत. गरिबाची थट्टा आणि जमीनदाराची थट्टा कानाला सारखी लागत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. वाचकालाही ते जाणवते, फक्त त्याला नाव देता येत नाही, म्हणून तो म्हणतो कंटाळा आला.

दुसरी गोष्ट भीतीची. आमच्या नानीच्या घरी पावसाळ्यात दिवे गेले की चिंचेवरच्या जिन्नाची गोष्ट निघायची. नानी हळू आवाजात सांगायची, आम्ही एकमेकींना चिकटायचो, आणि अगदी श्वास अडकल्यावर मामू मागून काहीतरी आचरट बोलायचे. घर हसून फुटायचे. ते हसू मामूंचे थोडे आणि नानीचे जास्त होते, कारण भीती तिने कमावलेली असायची. मामू जर सुरुवातीपासूनच बोलत राहिले असते तर नानीने गोष्ट अर्धी टाकून आम्हाला झोपायला पाठवले असते. या मालिकांच्या पुढच्या भागांत नेमके हेच होते. राक्षस दारात उभा राहण्याआधीच त्याच्यावर कोटी करून झालेली असते. आपण घाबरत नाही, म्हणून आपल्याला सुटल्यासारखेही वाटत नाही. 'अति झाले आणि हसू आले' अशी आपली म्हण आहे. इथे हसूच अति झाले.

आणि तिसरे म्हणजे सगळे एकसारखे बोलतात. ॲटिकस एकवीसशे वर्षांचा आहे, पण बोलतो कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरासारखा. आपण ओळखू येऊ नये म्हणून तो प्रत्येक काळाची बोली उचलतो, असे कारण लेखकाने दिले आहे, आणि ते पटण्याजोगे आहे. पण मग देवही तसेच बोलतात, पिशाच्चेही तशीच बोलतात, आणि कुत्र्याच्या तोंडीही तोच बाज. दोन हजार वर्षे जगलेल्याच्या बोलण्यात एखादा असा शब्द हवा की जो ऐकून आपण क्षणभर थबकू. आपल्याकडच्या वयस्क लोकांच्या बोलण्यात सत्तर वर्षांचाच फरक असतो, तरी नातवंडांना अर्धे शब्द विचारावे लागतात.

धंद्याचे गणितही आहेच. पहिले पुस्तक ज्याला आवडले तो पुढची दहा घेतो, नव्या लेखकाची जाहिरात करण्यापेक्षा ते स्वस्त पडते. हर्न यांच्या मालिकेची पहिली तीन पुस्तके २०११ च्या मे, जून आणि जुलै अशा लागोपाठच्या तीन महिन्यांत बाजारात आली. वाचकाला सवय लावायची असेल तर याहून चांगली युक्ती नाही. ॲरोनोविच यांच्या दुसऱ्या पुस्तकात, २०११ साली, जो मुख्य शत्रू येतो त्याचा हिशेब सातव्या पुस्तकात, २०१८ साली होतो. मधल्या काळात लघुकादंबऱ्या आणि कॉमिक्सही सुरू झाली. ड्रेस्डेनच्या वाचकांनी २०१४ पासून २०२० पर्यंत पुढच्या भागाची वाट पाहिली, आणि मग एकाच वर्षात दोन भाग आले. मालिका मध्येच उचलणाऱ्या नव्या वाचकालाही सगळे समजावे म्हणून दर पुस्तकात तीच ओळख पुन्हा येते. ड्रेस्डेनची खटारा मोटार, त्याचा लांब चामडी कोट, भलेमोठे मांजर, कवटीत राहणारा बोलका आत्मा. पहिल्यांदा यातला प्रत्येक तपशील गंमतशीर वाटतो. बाराव्यांदा तो पाहुण्यांसमोर वडील दर वेळी सांगतात त्या किश्शासारखा होतो, आणि घरचे लोक ताटाकडे पाहत बसतात.

लेखकही यातून सुटत नाहीत. शार्लेन हॅरिस यांची सूकी स्टॅकहाउस ही लुइझियानातल्या लहान गावातली, दुसऱ्याच्या मनातले ऐकू येणारी वेट्रेस. २००१ पासून तिची तेरा पुस्तके आली, मधे तिच्यावर 'ट्रू ब्लड' ही दूरदर्शन मालिका निघाली. २०१३ साली हॅरिस यांनी ती संपवली तेव्हा काही चाहते इतके भडकले की त्यांनी लेखिकेला धमकावण्यापर्यंत मजल मारली. ज्यांना कंटाळा आला होता आणि ज्यांना सोडवत नव्हते, त्यांत कित्येक जण तेच असतील असा माझा संशय आहे.

यावर कुणी म्हणेल, लांबण हाच दोष. मला तसे वाटत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना 'दास्तान-ए-अमीर हम्जा' पुरत नसे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून पुढे ती छेचाळीस खंडांत छापली, आणि त्यातला 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा भाग सर्वांत लोकप्रिय झाला. त्यात अमर अय्यार आहे. अय्यार म्हणजे बहुरूपी, चलाख, पैशाचा लोभी, स्वतःचा जीव आधी वाचवणारा. त्याच्या जंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, अख्खी दुनिया मावते. तो जादूगारांना असा काही फसवतो की ऐकणारे लोटपोट होतात. पण दास्तानगोच्या हाताशी चार गोष्टी असत. रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे मायाजाल, आणि अय्यारी. सभेचा रंग पाहून तो एकातून दुसरीत जाई. अमर हसवतो, पण लढाईच्या वेळी हम्जा हसत नाही, आणि तिलिस्मात अडकलेला शहजादा खरोखर हरवलेला असतो. आजच्या या कादंबऱ्यांत हम्जा आणि अमर यांना एकाच कोटात कोंबले आहे. लढणाराही तोच, हरवणाराही तोच, प्रेम करणाराही तोच, आणि प्रत्येक प्रसंगावर शेरा मारणाराही तोच. मग बाकीच्या तिन्ही गोष्टींना स्वतःचा रंग उरत नाही.

टेरी प्रॅचेट यांनी हे ओळखले होते. 'डिस्कवर्ल्ड'च्या एक्केचाळीस कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, १९८३ पासून २०१५ साली त्यांच्या निधनानंतर आलेल्या शेवटच्या पुस्तकापर्यंत. सुरुवातीच्या पुस्तकांत ते अद्भुत कथांचीच टर उडवत होते. लवकरच त्यांनी रोख बदलला आणि माणसांकडे वळवला. अँख-मॉरपॉर्क नावाचे एक घाणेरडे, गजबजलेले शहर त्यांनी उभे केले, आणि मग त्या शहरात वर्तमानपत्र निघते, बंद पडलेले टपाल खाते पुन्हा सुरू होते, बँक चालते. नायकही बदलत राहिले. कधी चेटकिणी, कधी पहारेकरी, कधी खुद्द मृत्यू. पहारेकऱ्यांचा प्रमुख सॅम वाइम्स १९८९ च्या 'गार्ड्स! गार्ड्स!'मध्ये गटारात पडलेला दारुडा म्हणून येतो. २००२ च्या 'नाइट वॉच'पर्यंत तो असा माणूस झालेला असतो की त्याचा राग पाहून आपण पुस्तक खाली ठेवून विचार करतो. विनोद तिथेही आहे, पण तो अन्यायाकडे तोंड करून उभा आहे. (मराठीत लांबलचक मालिकांचा विषय निघाला की बाबूराव अर्नाळकरांचे नाव येतेच. हजाराहून अधिक रहस्यकथा! पण पुस्तके पातळ, आणि झुंजारचा कंटाळा आला तर काळापहाड तयार.)

आता ज्या पुस्तकांसाठी मी हे सगळे लिहीत आले ती सांगते. जोनाथन स्ट्राउड या इंग्रज लेखकाची 'बार्टिमियस' ही त्रयी. 'द अ‍ॅम्युलेट ऑफ समरकंद' २००३, 'द गोलेम्स आय' २००४, 'टॉलेमीज गेट' २००५. वरवर पाहता हा तोच साचा. लंडन शहर, जादूगार, आणि तिखट जिभेने 'मी' म्हणून बोलणारा. बोलतो तो एक जिन्न, पाच हजार वर्षांचा. तो तळटिपाही देतो. आपण एकाच वेळी अनेक पातळ्यांवर विचार करतो, तुम्हा माणसांना ते जमत नाही, म्हणून तुमच्या सोयीसाठी तळटिपा, असा त्याचा तोरा. आणि त्या तळटिपा खरेच फार मजेदार आहेत.

पण या लंडनमध्ये जादूगारांकडे स्वतःची अशी काही जादूच नाही. ते फक्त जिन्नांना त्यांच्या खऱ्या नावाने बोलावतात, रिंगणात बांधतात आणि राबवून घेतात. साम्राज्य उभे आहे ते या बांधलेल्या मजुरीवर, आणि राज्य चालवतात तेच जादूगार. हुकूम मोडला तर जिन्नाला भयंकर यातना. म्हणजे हा विनोद करणारा गुलाम आहे. त्याला नाही म्हणता येत नाही, पळून जाता येत नाही. मालकाची खिल्ली उडवणे, तीही शक्यतो मालकाला पकडता येणार नाही अशा शब्दांत, एवढेच त्याच्या हातात आहे. आपल्या घरांत कामाला येणाऱ्या बाया आपापसांत मालकिणींच्या नकला करतात ना, तसे. हे एकदा लक्षात आले की त्याचा प्रत्येक विनोद वेगळा ऐकू येतो.

त्याचा मालक नॅथॅनिएल हा सुरुवातीला लहान मुलगा आहे. पाच वर्षांचा असताना त्याच्या आईबापांनी त्याला पैसे घेऊन जादूगारांच्या हवाली केलेले. अपमानाचा सूड म्हणून तो बार्टिमियसला बोलावतो. आपण त्या मुलाच्या बाजूने असतो, आणि पुस्तक दर पुस्तक तो सत्तेच्या पायऱ्या चढत जातो, कोट-टाय नीट होतो आणि माणूस बिघडतो. दरम्यान जिन्न झिजत चालला आहे, कारण या जगात फार काळ राहणे त्याला सोसत नाही. ड्रेस्डेन पुस्तकागणिक बळकट होतो आणि विनोद पोकळ होतात. बार्टिमियस पुस्तकागणिक अशक्त होतो आणि तेच विनोद जड होत जातात.

एक तपशील तर मला विसरता येत नाही. बार्टिमियस हवे ते रूप घेऊ शकतो, पण माणसाचे रूप घ्यायचे झाले की पुष्कळदा तो एका सावळ्या इजिप्शियन मुलाचे रूप घेतो. पहिल्या पुस्तकात आपण ते सहज वाचून पुढे जातो. तिसऱ्या पुस्तकात कळते की हा मुलगा म्हणजे टॉलेमी, दोन हजार वर्षांपूर्वीचा त्याचा एक मालक, ज्याने त्याला बांधले नव्हते, ज्याने त्याच्यावर विश्वास ठेवला होता. एवढी तोंडाळ जात, पण त्या मुलाविषयी तो कधी नीट बोलत नाही, फक्त त्याचा चेहरा घालून फिरतो. शेवट सांगत नाही. तो वाचून हसत पुस्तक मिटणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. आणि नॅथॅनिएलची गोष्ट तिथेच संपते. चौथा, पाचवा, पंधरावा भाग नाही.

पत्रातल्या भगिनींना जादूची जी काळजी वाटते तिच्याबद्दलही बोलले पाहिजे. या त्रयीत जादू म्हणजे दुसऱ्याची ताकद लुटण्याचा मार्ग, आणि लेखकाची सहानुभूती लुटल्या जाणाऱ्यांकडे आहे. मोठ्या मुलीने ती वाचायला मला हरकत दिसत नाही. मात्र २०१० साली स्ट्राउड यांनी याच जिन्नाची एक आधीची, स्वतंत्र गोष्ट लिहिली, 'द रिंग ऑफ सॉलोमन'. त्यात येणारा सॉलोमन हा दंतकथांमधला, अंगठीच्या बळावर राज्य करणारा जादूगार राजा आहे. आपल्यासाठी हजरत सुलैमान (अ.स.) पैगंबर आहेत, आणि सूरह बकरामध्ये त्यांच्यावरचा असा आरोप स्पष्टपणे खोडून काढला आहे. पुस्तक वाईट नाही, पण हे माहीत असलेल्या मुलीनेच ते हाती घ्यावे, आणि घेतले तर घरात त्यावर बोलणे व्हावे.

जिन्नांच्याच गोष्टी हव्यात तर आपल्या जवळच्या जगातूनही आल्या आहेत. जी. विलो विल्सन या इस्लाम स्वीकारलेल्या अमेरिकी लेखिकेची 'अलिफ द अनसीन' ही २०१२ ची कादंबरी. आखातातल्या एका निनावी शहरातला संगणकवीर तरुण सरकारी पाळतीपासून पळतो आणि जिन्नांच्या वस्तीत पोचतो. तिला २०१३ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. कमला खान ही पाकिस्तानी-अमेरिकी कॉमिक्स नायिका ज्यांना ठाऊक आहे त्यांनी विल्सन यांचे लेखन नकळत वाचलेलेच आहे, कारण तिच्या निर्मात्यांत त्या आहेत. बांगलादेशचे साद हुसेन यांची २०१७ ची 'जिन सिटी' ढाक्यात घडते. तिच्यातले जिन्न प्रतिष्ठेवरून एकमेकांशी कज्जे करतात. ती मात्र काळीकुट्ट आहे, लहानांच्या हाती देऊ नये. दोन्हींत विनोद आहे, पण माणसे घाबरतात तेव्हा खरोखर घाबरतात.

मुलीला लगेच नवे पुस्तक देऊ नका, ही माझी पत्राला पहिली सूचना. दुसरी म्हणजे ती अकरा अर्धवट पुस्तके मोबाइलमधून काढून टाकायला सांगा. सुरू केले ते संपवलेच पाहिजे हे ताटातल्या अन्नाला लागू आहे, कादंबरीला नाही. मालिका सातव्या भागात सोडणारा वाचक कुणाचे देणे लागत नाही. पण अकरा अपुरी पुस्तके रोज डोळ्यांसमोर राहिली की वाचणे म्हणजे थकबाकी वाटू लागते, आणि थकबाकी कुणाला आवडते? महिनाभर काहीच नको. मग तिच्याच आवडीच्या जवळचे, पण संपणारे असे काही द्या, आणि एका वेळी एकच. 'समरकंद'पासून सुरुवात करावी. 'नाइट वॉच' नंतर, आणि तेही 'गार्ड्स! गार्ड्स!' वाचून झाल्यावर, नाहीतर वाइम्स कुठून कुठे आला ते कळणार नाही. उर्दू येत असेल तर 'होशरुबा'चे पंधरा-वीस मिनिटांचे वाचन रात्री जेवणानंतर मोठ्याने करून पाहा, आळीपाळीने. भाषा अवघड आहे, अडखळायला होईल, अब्बांना चार शब्द विचारावे लागतील. अमर अय्यार आला की थांबू नका.